डॉड यांचा कर्जरोखा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये प्रतिष्ठितांना फाशी होत नसे, असे कोणी म्हणत असेल, तर ते विधान बनावट दस्तऐवजांच्या खटल्यांना तरी लागू पडत नाही. विल्यम डॉड हे लंडनमधील नावाजलेले धर्मोपदेशक. 1777 साली त्यांनी आपल्या जुन्या शिष्याच्या, म्हणजे लॉर्ड चेस्टरफील्डच्या, खोट्या सहीने 4,200 पौंडांचा कर्जरोखा केला. रोख्यावरील शाईचा एक डाग वकिलाला खुपला, म्हणून स्वच्छ प्रत तयार करून तो सहीसाठी थेट लॉर्डकडे गेला आणि बिंग फुटले. बहुतेक रक्कम परत करूनही, हजारो सह्यांचा अर्ज जाऊनही आणि खुद्द कोशकार-साहित्यिक सॅम्युअल जॉन्सन यांनी लेखणी झिजवूनही फाशी माफ करण्याची याचना फेटाळली गेली. कारण आदल्याच वर्षी पेरो बंधू अशाच रोख्यापायी फासावर गेले होते आणि त्यांना एक न्याय व डॉड यांना दुसरा, हे सरकारला परवडणारे नव्हते. (पेरोंच्याच प्रकरणात आरोपी असलेली मिसेस रड मात्र निर्दोष कशी सुटली, हे त्या ज्यूरीलाच ठाऊक!) बनावट दस्तऐवजासाठी फाशी देणाऱ्या इंग्लंडच्या याच कायद्याखाली 1775 मध्ये कलकत्त्यात महाराजा नंदकुमार यांना फाशी झाली, तो कायदा बंगालला मुळात लागू होता का, हा वाद मला डॉड यांच्या खटल्याहून गंभीर वाटतो.