शाळेवरच्या दहा फ्रेंच ओळी घोकायच्या कशाला?

खडूवाली:
परवा इथं कुणीतरी लिहिलं, 'सहावीच्या पोरांना फ्रेंचमध्ये शाळेचं वर्णन शिकवायचं म्हणजे दहा ओळींचा तयार परिच्छेद द्यावा, आठवडाभर घोकून घ्यावा. गुण पडतात, बाकी सगळी नाटकं.' उत्तर चार ओळींत मावेना, म्हणून वेगळा धागा.

त्या तयार परिच्छेदात काय असतं? कांतीन, जिम्नाझ, पिसीन. कोल्हापुरातल्या किती शाळांत जेवणाचा हॉल, बंदिस्त क्रीडागृह आणि पोहण्याचा तलाव आहे? पोरगं बाकावरच डबा उघडतं आणि फ्रेंचमध्ये ठोकून देतं, 'माझ्या शाळेत कांतीन आहे'. 'मग तिथं काय खातोस?' एवढं विचारलं की गाडी बंद. देल्फ प्रिम या लहान मुलांच्या फ्रेंच परीक्षेत तोंडी भागाला १०० पैकी २५ गुण असतात आणि तिथं परीक्षक प्रश्न विचारतो, स्तोत्र म्हणून घेत नाही.

वीसेक शब्द आणि चार साचे पुरतात. पहिल्या तासाला प्रत्येकाने शाळेचा नकाशा काढायचा, फाटकापासून सुरुवात, आठच जागा. त्यावर 'इल्या' (म्हणजे 'आहे') आणि पुढं अं किंवा यून (पुल्लिंगी आणि स्त्रीलिंगी 'एक'). इल्या यून कूर (अंगण आहे), इल्या अं तेरां (मैदान आहे). पोरं हमखास 'इल्या ला कूर' म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही, शब्दांची यादीच 'ल' आणि 'ला' (इंग्रजी 'the'सारखे) लावून पाठ करून घेतलेली असते. यादी अं-यूनसकट द्या, निम्मी चूक तिथंच मरते. दुसऱ्या तासाला 'नाही'. इल निया पा द पिसीन, म्हणजे तलाव नाही. अं, यून, अनेकवचनी दे, सगळ्यांच्या जागी एकच 'द'. आपल्या शाळांचं वर्णन करायला याहून उपयोगी साचा नाही! विशेषणं तिसऱ्या तासाला, तीही 'ए' या क्रियापदाच्या मागं: मोनेकोल ए ग्रांद, माझी शाळा मोठी आहे. 'यून ग्रांदेकोल' म्हणायला लावू नका, फ्रान्समध्ये त्याचा अर्थ प्रवेशपरीक्षा देऊन मिळणारी उच्च शिक्षणाची संस्था असा होतो. पुढं, मागं, शेजारी हे सगळ्यात शेवटी.

जुना_बाक:
तो 'कुणीतरी' मीच. ताई, पन्नास पोरं, पस्तीस मिनिटांचा तास, आठवड्याला दोन. नकाशा काढण्यात एक तास, रंगवण्यात दुसरा. फ्रेंच कधी बोलायचं?

आणि साचे हवेत म्हणता, मग परिच्छेद म्हणजे दुसरं काय असतं? तयार वाक्य कानात बसलेलं नसलं की पोरगं इंग्रजी 'इट इज'वरून जुळवतं आणि 'इल ए यून एकोल' असलं काहीतरी बाहेर पडतं. 'मोनेकोल' हे आधी पाठच हवं. एकोल स्त्रीलिंगी, पण स्वराने सुरू होतो म्हणून 'मा' (माझी) नाही, 'मों' (माझा) येतो आणि त्यातला न पुढच्या शब्दाला चिकटतो, हे दहा वर्षांच्या पोराला नियम सांगून शिकवणार का?

कांतीनचं म्हणाल, तर फ्रेंच शिकताना फ्रान्सची शाळा कळू नये का? 'कोलेज' म्हणजे आपलं कॉलेज नव्हे, तिथं आपल्या सहावी ते नववीची पोरं बसतात. इयत्ता उलट्या मोजतात. आपली आणि त्यांची इयत्ता मिळून बारा: आपली सहावी म्हणजे सिझियेम (त्यांची सहावी), सातवी म्हणजे सँकियेम (त्यांची पाचवी), असं अकरावीपर्यंत चालतं. गुण वीसपैकी. हे नकाशात कुठं बसवणार?

शाहूपुरीकर:
दोघांचंही मूळ दुखणं तिसरंच आहे. फ्रेंच इंग्रजीतून का शिकवता? इंग्रजीत 'माय' एकच. मराठी पोराला माझा, माझी, माझं जन्मापासून ठाऊक. मोठा वर्ग, मोठी शाळा, विशेषण नामाप्रमाणे बदलतं हे त्याला सांगावंच लागत नाही. ग्रां (मोठा) आणि ग्रांद (मोठी) तिथंच जोडून द्या. नपुंसकलिंग तेवढं नाही म्हणून सांगायचं, झालं. आणि फ्रान्सची शाळा दाखवायचीच असेल, तर तिथं सरकारी प्राथमिक शिक्षण मोफत झालं १८८१ साली, सक्तीचं १८८२ साली, आणि राजर्षी शाहूंनी करवीरात दोन्ही केलं १९१७ साली, हे सांगा. पिसीनचं कौतुक कशाला!

खडूवाली:
माझा-माझीचं मान्य. पण लिंगं जुळतात असा समज करून देऊ नका. शाळा, खुर्ची, खिडकी जुळतात, फळा जुळतो. भिंत मात्र तिकडं पुल्लिंगी, दरवाजा स्त्रीलिंगी, वही पुल्लिंगी. मराठीवरून अंदाज बांधणारं पोर निम्म्या वेळा आपटतं. शिवाय वर्गात कन्नड आणि हिंदी बोलणारी पोरंही असतात, त्यांचं काय?

तांबडा_पांढरा:
ते लिंग-बिंग ऱ्हाऊ द्या. पोरांच्या वहीत फ्रेंच देवनागरीत लिहून घेत्यात, त्यावर कोण बोलालंय का? वर ताईंनीपण तेच केलंय, 'यून' म्हणं! तो उच्चार 'यू' न्हाई. तोंड 'ई'चं, ओठ 'ऊ'चे. देवनागरीत अक्षरच न्हाई त्याला. आन ह्यो बारीक फरक न्हाई. 'स्यूर ला ताब्ल' म्हंजे टेबलावर, 'सू ला ताब्ल' म्हंजे टेबलाखाली. दप्तर वर हाय का खाली, सगळा खेळ त्या स्वरावर आन मागच्या र वर.

शाहूपुरीकर:
मग रोमन वाचून तरी काय दिवे लागतात? 'ग्रां' लिहिताना शेवटी डी असतो, पोरं तो ठणकावून म्हणतात. अनेकवचनाचा एस तसाच. एक पुस्तक 'ल लीव्र', अनेक पुस्तकं 'ले लीव्र', कानाला फरक फक्त पहिल्या अक्षरात, आणि तो देवनागरीत लख्ख दिसतो. आणि फ्रेंच त, प, क म्हणजे आपलेच त, प, क. रोमनमध्ये वाचलं की 'टाब्ल', 'टेरां' होतं, सगळी इंग्रजीची कृपा.

तांबडा_पांढरा:
त, प, क घ्या तुमचं. पर अनुस्वाराचं काय? 'कांतीन' लिवलं की मराठी माणूस 'कान्तीन' वाचणारच, पुढं त हाय म्हणून न येतोयच. फ्रेंचात तिथं न न्हाईच, नुसता नाकातला स्वर. चंद्रबिंदू द्यावा म्हणशीला तर आपण त्यो 'बँक' न् 'काँग्रेस'सारखा वाचतोय, म्हंजे आणखीच घोळ. 'जिम्नाझ'मधला ज बी आपला न्हाई, झ बी न्हाई.

जुना_बाक:
धागा शाळेच्या वर्णनाचा होता, लिपीचा आखाडा झाला.

शाहूपुरीकर:
आखाडा तुम्हीच उघडलात, 'कानात बसलं पाहिजे' म्हणून. कानात बसवायचं तर पहिले सहा तास वहीच बंद ठेवा, न रोमन न देवनागरी. फळ्यावर चित्र, बोट दाखवायचं, पोरांनी बोलायचं. लेखन नंतर, थेट फ्रेंच स्पेलिंगने.

तांबडा_पांढरा:
हे पटलं. पयलंच म्हणायचं हुतं की.

जुना_बाक:
आणि घरी सराव कशावरून करायचा? पालक पहिल्या आठवड्यातच विचारतात, 'वही कोरी का?' तो दबाव शिक्षकाच्या डोक्यावर असतो, धाग्यावर लिहिणाऱ्यांच्या नाही.

खडूवाली:
वहीत नकाशा असेल ना! कोरी कशी? पालकांना तेवढं दिसलं की पुरे. बरं, तुमच्या पन्नास पोरांचा हिशेब: नकाशा घरून काढून आणायला सांगा, ए-फोरचा अर्धा कागद, रंग नको. वर्गात जोड्या. एकाने आपला नकाशा झाकायचा, दुसऱ्याने 'एस्किल्या अं रोबिने?' (नळ आहे का?) असं विचारत त्यातल्या जागा शोधायच्या. उत्तर 'वी, इल्या' किंवा 'नों, इल निया पा द'. पंचवीस जोड्या एकाच वेळी बोलतात, गोंगाट होतो, शेजारच्या वर्गाचे सर येऊन बघून जातात. पण पस्तीस मिनिटांत प्रत्येक पोर आठ-दहा वाक्यं बोलतं. घोकून घेताना एकेकाला उभं केलंत तर एकाला पाऊण मिनिटही येत नाही.

आणि ते बाराचं गणित मी उचलणार आहे, कांतीनवाल्या माणसाकडून आलं असलं तरी.

जुना_बाक:
उचला, फुकट आहे. मीही जोड्या लावून बघतो, पण 'मोनेकोल', 'इल्या' आणि 'निया पा द' या तीन ओळी घोकूनच घेणार. नळ शोधताना पोरं मराठीवर घसरणार हे आत्ताच सांगून ठेवतो.

खडूवाली:
घसरू देत, तीन ओळी घोकवा. दहा नकोत.

शाहूपुरीकर:
मधल्या सुट्टीला काय म्हणायचं ते कुणी लिहिलंच नाही. पोरं पहिल्यांदा तेच विचारतात.

तांबडा_पांढरा:
छोटी सुट्टी 'रेक्रेआसियों', पोरांच्या तोंडी 'रेक्रे'. डब्याची येगळी, 'पोझ देझने'. आन त्यातला झ बी आपला न्हाई.