रिअ‍ॅलिझमच्या नावाखाली नुसतं पळायचं? उत्तर देतोय, पूर्ण वाचा मग बोला

गॅरिसन_गण्या
परवा इथं एकानं हेल लेट लूज ह्या दुसऱ्या महायुद्धाच्या ऑनलाइन गेमवर टाकलं: "हेल लेट लूज म्हणजे दहा मिनिटं पळा, एका गोळीत मरा, परत पळा. स्क्वॉड टॅक्टिक्स हे नेम नसलेल्यांचं सोंग. खरा गडी एकटा जिंकतो. खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी." त्यावर लाइकचा पाऊस. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

भावा, तू पळतोस कारण तुझ्या टीमची जवळ गॅरिसनच नाही, म्हणजे मेल्यावर परत उभं राहायची जागा. ती लावायला ५० सप्लाय लागतात, ते येतात सपोर्टवाल्याच्या पेटीतनं, आणि सपोर्ट कुणाला नको असतो. सगळ्यांना स्नायपर पाहिजे नाहीतर एमजी, म्हणजे मशीनगन. गेम तुला पळवत नाही, तुझ्यासारखेच तुला पळवतात.

काल कॅरेंटानच्या मॅपवर एका घराच्या वरच्या खिडकीत जर्मन एमजी ४२ बसलेली. मिनिटाला बाराशे गोळ्यांची बंदूक ती. आमच्यातले तिघं हिरो रस्त्यावरनं सरळ गेले आणि सरळ मेले. मग आमच्या एमजीवाल्यानं त्या खिडकीवर फायर धरून ठेवला. असा फायर अंगावर आला की समोरच्याची स्क्रीन धूसर होते, त्याला नेम धरता येत नाही. तेवढ्यात दोघं धूर टाकून भिंतीच्या कडेनं मागच्या दारात. एक ग्रेनेड, विषय संपला. २००५ च्या ब्रदर्स इन आर्म्स गेमनं हेच शिकवलं होतं. शत्रूच्या डोक्यावरचं लाल वर्तुळ फायरनं राखाडी होईपर्यंत बाजूनं जायचं नाही. ह्याला सोंग म्हणतोस?

शुक्रवारपेठ_हेडशॉट
व्हय, पोस्ट माझीच. एक शब्द मागं घेत नाही.

मेल्यावर जरा वेळात नवा कोरा उभा राहतोस आणि वर रिअ‍ॅलिझम सांगालाईस. रक्त वाहायला लागलं की पट्टी गुंडाळली, गडी चकाचक! गोळी लागल्याची खूण दाखवणारा हिटमार्कर काढला, गोळ्यांचा आकडा लपवला म्हणजे लगेच युद्ध झालं का? मी शिरोलीत सेकंड शिफ्ट करतो. घरी आल्यावर तासभर मिळतो, त्यात तुमच्या सभेला बसू? चार मारायचे, झोपायचं. आणि माझा केडी बघ एकदा, किती मारले आणि किती वेळा मेलो त्याचा हिशेब, मग बोल.

मेजर_मिसळ
त्या केडीचं काय लोणचं घालायचंय? पॉइंट गेला तेव्हा तू कुठल्या झुडपात होतास?

मी कायम ऑफिसर घेते, म्हणजे स्क्वॉडचा म्होरक्या. मॅपवर मार्कर टाकून "चर्चच्या मागनं चला" म्हणाले की निम्म्यांना पोरीचा आवाज ऐकून दात काढायचे असतात. एक जण तर लग्न झालंय का विचारालाय, वरनं तोफखाना पडालाय. टॅक्टिक्स जाऊ दे बाजूला, आधी सांगितलेलं ऐका. शाहू स्टेडियमवर फुटबॉलला अकराच्या अकरा फॉरवर्डला पळाले तर कुठली पेठ जिंकल?

शुक्रवारपेठ_हेडशॉट
ताई, पेठेचं नाव काढू नका. आमच्यात गोलकीपर पण गोल मारतोय.

निवृत्त_हवालदार
नातवाशेजारी बसून हा खेळ बघितला म्हणून लिहितो. आमचं सेक्शन दहा जणांचं. एलएमजीचा, म्हणजे हलक्या मशीनगनचा, ग्रुप फायर देणार, रायफल ग्रुप पुढं सरकणार, आड घेणार, मग ते फायर देणार आणि हे सरकणार. बेळगावला हे इतकं घोटून घेतलं की अजून झोपेत हात हलतो. तेवढं तुमच्या खेळात बरं दाखवलंय.

पण तहान कुठं आहे? खंदक कोण खणतंय? एका रात्री आम्ही ओढ्यात पोटावर पडून होतो, पाणी गळ्यापर्यंत, उजाडलं आणि परत फिरा म्हणून हुकूम आला. एक गोळी सुटली नाही. आमची निम्मी नोकरी अशीच गेली. हे दाखवलं तर कोण विकत घेईल? तेव्हा खरं-खोटं ठरवताना दोघांनीही जरा दमानं.

शुक्रवारपेठ_हेडशॉट
घ्या, आता आबा पण शिकवाय लागले. नातवाचा स्क्रीन बघून झाले तज्ज्ञ!

मेजर_मिसळ
तोंड सांभाळ. ज्यानं खरी रायफल उचलली त्याला तू माउस धरून अक्कल शिकवालाईस?

चंदगडचा_नातू
तुम्ही धुरावरनं भांडा. माझा प्रश्न साधा आहे. एवढा रिअ‍ॅलिस्टिक गेम, मग त्यात आपली माणसं कुठं आहेत? एल अलामीनचा मॅप आहे, ब्रिटिशांची आठवी आर्मी आहे. चौथी भारतीय डिव्हिजन त्याच आर्मीत, तिथल्याच रुवेसात रिजवर होती. इटलीत तर चौथी, आठवी, दहावी, तीन डिव्हिजन आपल्या लढल्या. महायुद्धात २५ लाख भारतीय होते. मला त्या मॅपवर एक आपला गडी दिसला नाही. बटणाचा रंग बरोबर, माणूस गायब.

आमचे पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत, इटलीत होते. त्यांच्या ट्रंकेत आई गहू ठेवते. तळाला कागदात गुंडाळलेला इटली स्टार आहे, सहा टोकांचा, फीत तांबडी-पांढरी-हिरवी-पांढरी-तांबडी. फितीला किडीनं भोक पाडलंय. पणजीनं पेन्शनसाठी चपला झिजवल्या, प्रत्येक टेबलावर नवा कागद मागायचे. शेवटी तिनं नाद सोडला.

गॅरिसन_गण्या
वाईट वाटलं, पण धागा स्क्वॉड टॅक्टिक्सचा आहे.

चंदगडचा_नातू
तुझा धागा तुझ्याजवळ ठेव. भिंतीच्या कडेनं कसं जायचं हे त्यांनाच विचारायला पाहिजे होतं.

शुक्रवारपेठ_हेडशॉट
बरं झालं इटली काढलीस. नाईक यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबर नदीचं वरचं खोरं. एकटा गडी एमजी पोस्टवर धावून गेला. ग्रेनेडनं गन बंद पाडली, टॉमीगननं एक पाडला, मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हटल्यावर बंदूक नळीकडनं धरून उरलेले दोघं ठेचले. व्हिक्टोरिया क्रॉस! कुठं होती तुझी गॅरिसन? एकटाच होता की.

गॅरिसन_गण्या
सोयीचं तेवढंच वाचतोस. घाडगे सेक्शन कमांडर होते. त्या एमजीनं अगदी जवळनं फायर करून त्यांच्याशिवाय अख्खं सेक्शन पाडलं, कुणी मेलं, कुणी जखमी. म्हणून एकटे गेले. पोस्ट घेतली आणि लगेच शत्रूच्या स्नायपरनं त्यांना टिपलं. तुझं सेक्शन जिवंत असतंय, माईकवर बोंबलत असतंय, तरी तू एकटा जातोस. घाडग्यांचं नाव तुझ्या केडीला चिकटवू नको.

मेजर_मिसळ
आणि नामदेव जाधव का विसरला? ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. कंपनी रनर. निरोप पोचवणारा गडी, तुमच्या हिशेबानं सपोर्टच. आधी दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातनं, माइनच्या पट्ट्यातनं मागं आणलं. मग एमजी पोस्टवर गेला. हाताला गोळी लागली, टॉमीगन धरता येईना, तर टाकून दिली आणि ग्रेनेडवर आला. तीन पोस्ट बंद केल्या. उचलून आणलेले दोघं तुझ्या केडीच्या कुठल्या रकान्यात बसतात सांग.

शुक्रवारपेठ_हेडशॉट
तीन पोस्ट त्यानं एकट्यानंच बंद केल्या की! माझंच म्हणणं झालं.

मेजर_मिसळ
कपाळ माझं.

पंचगंगा_घाट
इटलीचा विषय आहे म्हणून राहवत नाही. मे १९४४ मध्ये पोलिश सैनिक माँटे कॅसिनोवर चढत होते, तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकांची बायकापोरं इथं आपल्या कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या निर्वासित कॅम्पात होती. १९४३ ते १९४८, पाचेक हजार माणसं. त्यांची शाळा, चर्च, सगळं इथं होतं. म्हणजे महायुद्ध त्याच जागच्या गांधीनगरच्या कापडबाजाराइतकं जवळ आलं होतं, आणि आपण केडी मोजालोय.

गॅरिसन_गण्या
आता कापडबाजार पण आला. होऊ दे चर्चा.

निवृत्त_हवालदार
चंदगडचे, पणजोबांचं डिस्चार्ज बुक असलं तर बघा, त्यावर सैनिक नंबर असतो. तो घेऊन बेळगावला रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाका. सहीचा कागद पाठवा, फोनवर भागत नाही. आणि ते पदक गव्हातनं आधी बाहेर काढा.

हेडशॉट, तुमचा राग नाही. फक्त एक सांगतो. आमच्यात एकटा पुढं गेलेला पोरगा शूर म्हणून नावाजला जायचा. त्याला आणायला जाताना जे दोघं पडायचे, त्यांच्या घरी आम्ही जाऊन आलोय.

शुक्रवारपेठ_हेडशॉट
आबा, आता असं बोलला की आमची बोलतीच बंद. मघाचं तोंड जरा जास्त सुटलं, ते सोडून द्या.

पण गण्या, तुला नाही सोडत. मेल्यावर परत उठायचं आणि त्याला युद्ध म्हणायचं हे मला कधीच पटणार नाही. उद्या सुट्टी आहे, एक मॅच तुमच्या पद्धतीनं खेळतो. हरलो तर दोष मार्करवालीचा. आणि पेट्या टाकत फिरणार नाही, एमजी घेऊन एका जागी बसतो.

मेजर_मिसळ
एमजी आबांच्या नातवानं आधीच सांगून ठेवलीय. सपोर्ट तेवढा शिल्लक आहे.