बंदी सामन्यांवर घाला, सरावावर कशाला?

डावखुरा

जुगाराचं व्यसन असलेल्या फुटबॉलपटूला शिक्षा व्हावी की नाही, हा माझा प्रश्नच नाही. व्हावी. मला बोलायचंय ते शिक्षेच्या एकाच कलमाबद्दल.

दोन प्रकरणं शेजारी शेजारी ठेवून बघा. इंग्लंडच्या ब्रेंटफर्ड क्लबचा आयव्हन टोनी. मे २०२३ मध्ये इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने, म्हणजे एफएने, त्याला ८ महिन्यांची बंदी आणि ५० हजार पौंड दंड ठोठावला. २०१७ ते २०२१ या काळातले पैजांचे २३२ नियमभंग त्याच्या नावावर होते. मानसोपचारतज्ज्ञाने व्यसनाचं निदान केलं, शिक्षा ठरवणाऱ्या आयोगाने ते मान्य केलं आणि त्यापोटी ११ महिन्यांचे ८ केले. इथपर्यंत सगळं समजतं. पण पहिले चार महिने त्याला सहकाऱ्यांबरोबर सराव करायलाही मनाई होती! सप्टेंबरच्या मध्यावर कुठे परवानगी मिळाली.

दुसरा सांद्रो टोनाली. त्याच वर्षी जुलैमध्ये इटलीतला मिलान क्लब सोडून इंग्लंडच्या न्यूकॅसलला आला आणि ऑक्टोबरात सापडला. इटलीच्या संघटनेने १८ महिने सुनावले, त्यातले ८ महिने उपचार आणि तरुणांपुढे १६ वेळा जाऊन बोलण्याच्या बदल्यात वळते केले. उरलेले १० महिने सामना बंद. पण हा माणूस रोज सकाळी बूट घालून न्यूकॅसलच्या सरावाला जात होता.

फुटबॉलपटूचा दिवस कसा असतो बघा. सकाळी सराव, दुपारी एक-दीडला मोकळा. वय बावीस-तेवीस, खिशात पैसा, हातात फोन, आणि संध्याकाळपर्यंत करायला काही नाही. दौऱ्यावर असला की हॉटेलची खोली. नाद लागतो तो याच वेळात. आता तुम्ही त्याची सकाळही काढून घेतलीत. म्हणजे आजार आहे हे लेखी मान्य करायचं आणि आजाऱ्याला रिकाम्या घरात फोनसोबत बसवून ठेवायचं.

पंचनामा

लेख चांगला, पण सोयीचं तेवढंच घेतलंय. त्या २३२ मध्ये काय होतं तेही सांगा की! त्यातल्या १३ पैजा स्वतःचाच क्लब हरेल यावर होत्या. तो त्या सामन्यांत संघात नव्हता, हे मी स्वतःहून सांगतो, नाहीतर तुम्ही सांगालच. पण स्वतः गोल करेन यावरही त्याने पैसे लावले होते, आणि आपण सुरुवातीच्या अकरात आहोत हे बाहेर कुणाला माहीत नसताना. पैज घेणाऱ्याला माहीत नाही, लावणाऱ्याला पक्कं माहीत. याला व्यसन म्हणा, पण समोरच्यासाठी ती फसवणूकच. शिवाय पहिल्या चौकशीत साहेब खोटं बोलले.

आता सरावाकडे येतो. कुणाचा स्नायू दुखावलाय, कुणाला शनिवारी बसवणार, पेनल्टी कोण घेणार, हे सगळं कुठे कळतं? सरावाच्या मैदानावर. इंग्लंडच्या कियरन ट्रिपियर या खेळाडूने काय केलं होतं? आपण स्पेनच्या आत्लेतिको माद्रिद क्लबला चाललोय हे मित्रांना सांगितलं, मित्रांनी पैसे लावले. २०२० च्या डिसेंबरात १० आठवडे बंदी आणि ७० हजार पौंड दंड. ज्याला पैज लावण्याचा नाद आहे त्याला तुम्ही माहितीच्या विहिरीवरच नेऊन बसवताय. सरावबंदीला क्रूरपणा म्हणू नका, ते विहिरीवरचं झाकण आहे.

निमूट

आणि ब्रेंटफर्डच्या जर्सीच्या छातीवर कुणाचं नाव होतं हो तेव्हा? हॉलीवूडबेट्स या पैज कंपनीचं. गोळी लागलेल्याने बंदुकीची जाहिरात अंगावर घेऊन पळायचं.

पंचनामा

@निमूट, हे येणारच होतं. दारूच्या दुकानावर पाटी आहे म्हणून पिऊन गाडी चालवणाऱ्याला सोडत नाहीत. नियम साधा आहे. २०१४ च्या ऑगस्टपासून इंग्लंडमधल्या वरच्या पातळ्यांवरच्या खेळाडूने जगातल्या कुठल्याही फुटबॉल सामन्यावर पैसे लावायचे नाहीत. घोड्यांवर लावा, टेनिसवर लावा, कॅसिनोत जा, कुणी अडवत नाही. एवढं एक सोडायचं.

डावखुरा

"एवढं एक सोडायचं" हे व्यसन नसलेल्या माणसाचं वाक्य आहे. घोड्यांवर लावायची मुभा आहे हे तुम्ही सवलत म्हणून सांगताय, मला तर नियमाचं भोक तिथेच दिसतं. हा नियम खेळ स्वच्छ ठेवण्यासाठी आहे, खेळाडू बरा ठेवण्यासाठी नाही. ठीक, तसा असू दे. मग निदान व्यसनी माणसाला शिक्षा देताना तरी डॉक्टरला विचारा.

निमूट यांचा टोमणाही इतका हलका नाही. टोनीच्या बऱ्याच पैजा तो खालच्या लीगांत खेळत असतानाच्या आहेत. त्या लीगांचं नावच २०१३ पासून 'स्काय बेट'ने सुरू होतं. बाहीवर तेच, मैदानाकडेच्या फलकांवर तेच. खुद्द एफएचा लॅडब्रोक्स या पैजवाल्या कंपनीशी करार होता. २०१७ च्या एप्रिलमध्ये जोई बार्टन या खेळाडूला दहा वर्षांतल्या १,२६० पैजांसाठी १८ महिन्यांची बंदी घातली आणि जूनमध्ये तो करार मोडला. बार्टनने तेव्हा हेच बोलून दाखवलं होतं. बार्टन हा काही माझा आवडता माणूस नाही, पण मुद्दा कोण बोलतोय यावरून मुद्दा ठरत नाही.

बाकावरचा

इतके दिवस वाचत होतो, आज लिहितो. मी काही फुटबॉलपटू नाही. पण या खेळावर तीन वर्षं पैसे लावलेत आणि घरच्यांना त्यातलं निम्मंही माहीत नाही.

बाहेरच्या लोकांना वाटतं की माणूस सामना बघतो आणि पैसे लावतो. मी शेवटच्या वर्षात सामने बघतच नव्हतो. अॅपमध्ये एक हिरवा चौकोन असतो, मैदानाचं चित्र. त्यावर एक बाण सरकतो. खाली शब्द येतात: 'हल्ला', मग 'धोकादायक हल्ला', मग 'कॉर्नर'. खेळाडू नाहीत, प्रेक्षक नाहीत, आवाज नाही. पहाटे तीन वाजता मी त्या बाणाकडे बघत बसायचो. पुढच्या दहा मिनिटांत कॉर्नर मिळणार की नाही यावर पैसे. संघांची नावं सकाळी आठवायची नाहीत. बाजूला 'कॅश आऊट'चं, म्हणजे पैज मध्येच मोडून पैसे घ्यायचं बटण, त्यावरचा आकडा दर सेकंदाला वरखाली. अंगठा त्याच्यावर धरून ठेवायचो, इतका वेळ की बोट आखडायचं.

आणि एक गोष्ट सांगतो, पंचनामा, रागावू नका. मला आतली माहिती मिळाली असती तर मी ती वापरलीही असती आणि तरीही हरलो असतो. कारण जिंकलेले पैसे मी कधी काढलेच नाहीत. ते पुढच्या बाणावर जायचे. "हरलेले काढायचे" एवढंच डोक्यात. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर हुशार, हिशेबी लबाड असतो. तसे असतीलही. पण व्यसनी माणूस हिशेबी नसतो, तोच तर घोळ आहे.

सुटलो कसा? नोकरीतल्या एका वरिष्ठाने मला सुट्टी दिली नाही म्हणून. सगळं सांगितलं तेव्हा मी रजा मागितली होती. ते म्हणाले, घरी बसून काय करशील? उद्या नऊला ये. तेव्हा फार राग आला होता.

पंचनामा

@बाकावरचा, रागावण्याचा प्रश्नच नाही. लिहिलंत हे मोठं काम केलंत.

पण तुमच्या वरिष्ठांच्या जागी विचार करतो. तुम्ही तिजोरीवर बसणारे असता तर त्यांनी दुसऱ्या दिवशी नऊला किल्ली हातात दिली असती का? मला कामावरून काढायचं नाहीये, मला किल्ली काढून घ्यायची आहे.

आणि डावखुरा, तुमच्या टोनालीचं पुढे काय झालं? न्यूकॅसलला आल्यावरही त्याने फुटबॉलवर ५० पैजा लावल्या होत्या, म्हणून एफएने २०२४ च्या मे महिन्यात पुन्हा शिक्षा केलीच ना? सरावाने बरा होणारा माणूस तो हाच का?

डावखुरा

इथे तुमचा तारखांचा घोळ झालाय. त्या ५० पैजा २०२३ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरमधल्या आहेत, म्हणजे बंदीच्या आधीच्या. आणि त्या एफएला कळल्या कशा? त्याने स्वतः जाऊन सांगितल्या. म्हणूनच शिक्षा दोन महिन्यांची आणि तीही स्थगित, सोबत २० हजार पौंड दंड. माणूस स्वतःहून तोंड उघडतो तेव्हा त्याच्या आजूबाजूला कुणीतरी असतं. टोनी खोटं बोलला हे तुम्ही वर लिहिलंत, आणि ते खरंच आहे. पण ते खोटं शरमेतून, व्यसनातून आलं असावं हेही त्याच डॉक्टरने सांगितलंय. लपवणं हा या आजाराचा भागच आहे, सर्दीत नाक गळतं तसा.

तिजोरीच्या किल्लीचा मुद्दा मात्र मला अडकवतो, नाकबूल करत नाही. टोनाली सरावाला जायचा म्हणजे संघ त्याला दोन दिवस आधी ठाऊक असणार, हे मी लिहिताना लक्षातच घेतलं नव्हतं.

वाचनमात्र

अवांतर करतो, माफी असावी. २०१७ च्या फेब्रुवारीत एफए कपमध्ये सटन युनायटेड विरुद्ध आर्सेनल सामना होता. सटनचा राखीव गोलकीपर वेन शॉ कॅमेऱ्यासमोर 'पाय' (सारण भरून भाजलेला इंग्लिश पदार्थ) खाईल का, यावर एका पैज कंपनीने १ ला ८ असा भाव काढला होता. गड्याने बाकावर बसून खरंच तो 'पाय' खाल्ला! आपले काही दोस्त त्यावर पैसे लावून बसलेत हे माहीत असल्याचं नंतर बोलूनही गेला. दोन महिने बंदी, ३७५ पौंड दंड. 

आणि तुर्कस्तानात २०२५ च्या ऑक्टोबरात काय निघालं आठवतंय ना? ५७१ पंचांपैकी ३७१ जणांची पैजेची खाती! कुंपणच शेत खात होतं. मग नोव्हेंबरात १,०२४ खेळाडू शिस्तपालन समितीकडे. इतक्या माणसांना सरावबंदी घालायची तर मैदानावर फक्त गवत उरेल.

निमूट

प्रीमियर लीगच्या क्लबांनी २०२३ मध्ये ठरवलंय की २०२५-२६ च्या हंगामानंतर छातीवर पैजवाले नकोत. बाही चालेल. फलक चालतील. म्हणजे नाद हा छातीवाटे शिरतो, बाहीवाटे शिरत नाही, असं काहीतरी संशोधन असावं.

इटलीने २०१८ मध्ये जाहिराती सरसकट बंद केल्या, स्पेनमध्ये २०२१-२२ पासून जर्सीवर नाहीत. क्लब बुडाले नाहीत.

पंचनामा

@निमूट, इटलीत जाहिराती २०१८ ला बंद, आणि टोनाली, युव्हेंटसचा फाजोली सापडले २०२३ ला. दोघेही इटलीतच वाढलेले, आणि खेळत होते बेकायदेशीर साइटींवर, जिथे जाहिरात लागतच नाही. तेव्हा तुमचा रामबाणही तपासून घ्या.

डावखुरांसाठी एक तोडगा सुचवतो, पटतोय का बघा. सराव करू द्या, पण पहिल्या संघाबरोबर नको. युवा संघाबरोबर, किंवा जखमी खेळाडू फिजिओपाशी वेगळा सराव करतात तसा. संघाच्या बैठका बंद, डावपेचांचे व्हिडिओ बंद. रोज सकाळी यायचं मात्र सक्तीचं. गैरहजर राहिला तर बंदी वाढवा.

डावखुरा

युवा संघाबरोबर नको. सतरा वर्षांच्या पोरांच्या ड्रेसिंग रूममध्ये त्याला कशाला? फिजिओपाशी चालेल. सक्तीची हजेरी तर फारच आवडली, ती माझ्या डोक्यात आली नव्हती.

बाकावरचा

हजेरी घ्या, पण सही फोनवर नको, कागदावर.

वाचनमात्र

दोघांचंही पुनरागमन नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्धच झालंय, लक्षात आलं का कुणाच्या? टोनाली २०२४ च्या ऑगस्टमध्ये, लीग कपात. टोनी त्याआधी, २० जानेवारीला, आणि आठ महिन्यांनी परत आलेला गडी पहिल्याच सामन्यात कर्णधार. विसाव्या मिनिटाच्या आत फ्री किकवर गोल. मारण्याआधी चेंडू हळूच बाजूला सरकवला, चेंडूची जागा दाखवायला पंचांनी मारलेला फेसही हाताने तिकडे ओढून घेतला. फॉरेस्टवाले बोंबलत राहिले, गोल कायम.

पंचनामा

तो व्हिडिओ मी चार वेळा बघितलाय. तिथे तर मी त्याला पिवळं कार्ड दिलं असतं.