मदत हवी आहे: इफेक्टिव्ह हॅमिल्टोनियन (मोठ्या गणिताचं सार सांगणारा छोटा एनर्जी मॅट्रिक्स) सिमेट्रिक येत नाहीये

तापीकाठची: कॉपर अ‍ॅसिटेटचा डायमर (दोन कॉपरची जोडी). ब्लॉखच्या पद्धतीने ४×४ मॅट्रिक्स काढला, तर कर्णाच्या वरच्या बाजूचा टी (इलेक्ट्रॉनच्या एका कॉपरवरून दुसऱ्यावर उडीचा आकडा) वेगळा आणि खालच्या बाजूचा वेगळा! कोड परत परत तपासला. उद्या सरांना दाखवायचंय. लवकर सांगा, धुळ्यात दुपारी लाइट जाते.

भुसावळकर: ताई, मॉडेल स्पेस कोणती, म्हणजे मॅट्रिक्समध्ये कोणत्या अवस्था धरल्या, ते तरी सांगा. आम्ही काय पंचांग बघून ओळखायचं?

तापीकाठची: ४×४ म्हटलं ना! दोन न्यूट्रल डिटरमिनंट (प्रत्येक कॉपरवर एकेक इलेक्ट्रॉन), दोन आयनिक (दोन्ही एकाच कॉपरवर).

खान्देशी_क्वांटम: कोड ठीक आहे. ब्लॉखचा (१९५८) हर्मिशियन, म्हणजे इथे सिमेट्रिक, नसतोच. मूळ वेव्हफंक्शन्स ऑर्थोगोनल असली तरी मॉडेल स्पेसवरची त्यांची प्रोजेक्शन्स (सावल्या) तशी असतीलच असं नाही. दे क्लोइझोची रीत (१९६०) वापरा: प्रोजेक्शन्सच्या आपसातल्या ओव्हरलॅप मॅट्रिक्सचा उणे अर्धा घात घेऊन प्रोजेक्शन्स ऑर्थोगोनल करा. एनर्जी त्याच राहतात.

भाऊ_जळगाव: एवढा खटाटोप कशाला? श्रीफर-वुल्फचं रूपांतर (१९६६) लावा. जे (दोन स्पिनमधल्या जोडणीचा आकडा) = ४टी²/यू, यू म्हणजे दोन इलेक्ट्रॉन एकाच जागी आणायची एनर्जी; कागदावर होतं.

खान्देशी_क्वांटम: भो, टी आणि यू आणणार कुठून? तेच तर ती काढतेय.

भाऊ_जळगाव: हबर्ड मॉडेलवर (टी आणि यू आधीच धरून चालणारं सोपं मॉडेल) आम्ही वर्षानुवर्षं हेच करतो.

केळीबाग: लाइटचं म्हणाल तर ट्युब्युलर बॅटरी घ्या. आमच्याकडे रावेरला इन्व्हर्टरवर सगळं घर चालतं.

भुसावळकर: ताई, प्रत्येक प्रोजेक्शनचा नॉर्म, म्हणजे अवस्थेचा किती भाग मॉडेल स्पेसमध्ये पडतो, तो किती?

तापीकाठची: खालच्या दोन अवस्थांचा ०.९ च्या वर. वरच्या दोघींचा ०.३.

भुसावळकर: मग दुखणं तिथे आहे. आयनिक अवस्थांत ऑक्सिजनकडून कॉपरकडे जाणाऱ्या चार्ज ट्रान्सफरच्या अवस्था घुसल्यात. मॅट्रिक्स सिमेट्रिक केला तरी टी, यू भरवशाचे नाहीत. फक्त जे हवा असेल तर दोन न्यूट्रलच ठेवा. डायमर सममित असला की सिंगलेट-ट्रिपलेटची (स्पिन विरुद्ध जुळलेली आणि समांतर अवस्था) प्रोजेक्शन्स आपोआप ऑर्थोगोनल. चारही हवेतच तर इंटरमीजिएट हॅमिल्टोनियन (माल्रियू वगैरे, १९८५) बघा, तिथे खालच्या अवस्था अचूक आल्या की भागतं.

केळीबाग: बॅटरीत पाणी मात्र डिस्टिल्डच घाला.

तापीकाठची: दोन न्यूट्रल घेतले. सिमेट्रिक आला! पण जे सरांच्या आकड्याच्या निम्मा येतोय.

भाऊ_जळगाव: बघा, मी म्हटलं होतं.

खान्देशी_क्वांटम: तुम्ही हे कधी म्हटलं? ताई, सिंगलेट-ट्रिपलेटमधली फट किती?

तापीकाठची: २९० प्रति सेंटिमीटरच्या आसपास.

खान्देशी_क्वांटम: मग उत्तम. प्रयोगातही ३०० च्या जवळपासच आहे. तुम्ही हॅमिल्टोनियन उणे २जे गुणिले दोन स्पिनचा गुणाकार असा धरलाय, सरांनी उणे जे धरला असेल; फट तीच, पण तुमचा जे निम्मा दिसतो. विचारा त्यांना.

तापीकाठची: सर फोन उचलत नाहीयेत.