सोलापुरात फोर बाय फोर: गरज का नुसती हौस?

जुळे_सोलापूरकर
दोन महिने झाले आमच्या घरात एकच भांडण चालूय. जुनी स्विफ्ट काढून स्कॉर्पिओ एन डिझेल घ्यायची एवढं ठरलंय, अडलंय ते फोर बाय फोर (इंजिनची ताकद चारी चाकांना) का टू व्हील (फक्त दोन चाकांना) यावर. मेव्हणा म्हणतो घेतोयस तर चारी चाकांची घे, नाहीतर तिला एसयूव्ही कशाला म्हणायचं. माझं म्हणणं, सोलापुरात फोर बाय फोर म्हणजे मे महिन्यात स्वेटर. वर्षाचा पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, त्यातला बराचसा परतीचा, बाकी सगळी धूळ आणि ऊन. माझं ऑफिस होटगी रोडला, महिन्यातून एकदा पुणं म्हणजे अडीचशे किलोमीटर सरळ हायवे, अधूनमधून अक्कलकोट नाहीतर तुळजापूर. यात चारी चाकांना ताकद लागते कुठं? शोरूमवाला दोन लाखांच्या वर फरक सांगतोय, वर गाडी जड होते, ॲव्हरेज पडतो. कुणाचं उलट मत असलं तर जरूर सांगा, फक्त लडाखचे व्हिडिओ टाकू नका, आपल्याला खारदुंगला नाही, सात रस्ता ओलांडायचाय.

मंद्रूपचा_शेतकरी
तुमचं सोलापूर आसरा चौकात सुरू होऊन सात रस्त्याला संपतंय वाटतं. दक्षिणेत या की जरा. इथली जमीन काळी, भारी. उन्हाळ्यात भेगांत हात जातो आणि एक दणकून सर आली की त्याच मातीचा साबण होतो. पाणंदीनं शंभर पावलं चालून बघा, चपलेला एवढा मोठा गोळा चिकटतो की पाय उचलत नाही. टायरचं बी तेच, नक्षी चिखलानं भरली की टायर गुळगुळीत, मग मागचं एक चाक जाग्यावर गरागरा फिरतंय आणि दुसरं नुसतं बघत बसतंय. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेला पूर आला त्या आठवड्यात वस्तीवरनं आईला दवाखान्यात न्यायचं होतं, आमची बोलेरो बांधाच्या वळणावर शेपूट घसरून चारीत गेली. आई आत बसलेली, मी आणि भाऊ पावसात चाकाखाली तुराट्या घालतोय, त्या पण चाक खाऊन मागं फेकतंय. चाळीस मिनिटं गेली, शेवटी चुलत्याचा ट्रॅक्टर आला. त्या चाळीस मिनिटांची किंमत दोन लाख धरा, मग बोला.

जुळे_सोलापूरकर
दादा, आई बऱ्या आहेत ना आता? तुमचं पटतंय, पण तुम्ही रोज रानात राहता. आमची पण मोहोळकडं सहा एकर आहे, पण मी जातो महिन्यातनं दोनदा, आणि पाऊस असला तर जातच नाही.

गॅरेजवाला_७५
मधे तोंड घालतो, कारण इथं दोन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत चालल्यात. ऑल व्हील ड्राइव्ह आणि फोर बाय फोर एक नाही. ग्रँड विटाराची ऑलग्रिप किंवा एक्सयूव्ही ७०० ची एडब्ल्यूडी, यांत गाडी स्वतःच ठरवते, पुढची चाकं घसरली की क्लचमधनं मागं ताकद जाते, ड्रायव्हरला काही करावं लागत नाही. ओला रस्ता, खडीचा चढ, थोडाफार चिखल, यात मस्त. पण गाळात दहा मिनिटं ॲक्सिलरेटर दाबून धरला की तो क्लच तापतो आणि गाडी हात वर करते. स्कॉर्पिओ, थार, जिम्नी यांच्या फोर बाय फोरमध्ये ट्रान्सफर केस असतो, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा वेगळा गिअरचा डबा, आणि लो रेंज असते, म्हणजे हळू पण जोरात ओढणारा गिअर, ती गाडी गोगलगायीसारखी चालते पण ओढते मेंढ्यासारखी नाही तर हेल्यासारखी. मंद्रूपच्या दादांना जी लागते ती ही.

आता दुसरी बाजू. ही सिस्टीम कोरड्या डांबरावर वापरायची नसते. वळताना पुढची चाकं मोठ्या गोलातनं जातात, मागची छोट्या, आणि मधे हा फरक सांभाळणारा डिफरन्शियल नाही म्हटल्यावर सगळा ताण शाफ्टवर. एक साहेब पावसात पुण्याहून निघाले, फोर एच, म्हणजे फोर बाय फोरचा नेहमीच्या वेगाचा गिअर, टाकून थेट सोलापूरपर्यंत आले, इकडं रस्ता कोरडा ठणठणीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळताना खालनं कडाक कडाक आवाज, गाडी धक्के खातीय, साहेबांना वाटलं गिअरबॉक्स फुटला. आणि उलट केस पण बघितलीय, तीन वर्षांची गाडी, फोर बाय फोर एकदाही लावलं नव्हतं, गरज पडली त्या दिवशी लागेचना. महिन्यातनं एकदा तरी मातीच्या रस्त्यावर लावून थोडं चालवायचं असतं, ऑइल फिरतं. ज्याला एवढं लक्षात राहणार नाही त्यानं दोन लाख वाचवावेत.

बाळ्याची_सून
मेंढ्यासारखी नाही हेल्यासारखी 😄

मी टू व्हीलच्या बाजूनं. रोज बाळे ते मोहोळ जाते, क्रेटा आहे, म्हणजे पुढच्या चाकांची, फोर बाय फोर तिच्यात येतच नाही. पावसात मला ज्या गाड्यांची भीती वाटते त्या याच, मागे फोर बाय फोरचा बॅज लावलेल्या. लोकांना वाटतं चार चाकांना ताकद म्हणजे गाडी चिकटून चालते. अहो ब्रेक तर माझ्या क्रेटालाही चारी चाकांना आहेत आणि तुमच्यालाही चारीच. ओल्या रस्त्यावर थांबायला जेवढं अंतर मला लागतं तेवढं तुम्हालाही लागणार, जड गाडी म्हणून कमी तर नक्कीच नाही. गेल्या पावसाळ्यात एकानं मला डावीकडनं ओव्हरटेक मारला, पुढं हायवेवर पाणी साचलेलं, गाडी होडीसारखी तरंगली आणि डिव्हायडरच्या कण्हेरीत जाऊन बसली. तो उतरला, नशिबानं खरचटलंही नव्हतं, आणि पहिलं वाक्य काय तर "फोर बाय फोर आहे तरी कशी घसरली?" मी टायर बघितले, पार टक्कल. ज्यांना दोन लाख जड नाहीत त्यांनी आधी टायरला पंचवीस-तीस हजार काढावेत.

मंद्रूपचा_शेतकरी
ताई तुमचं हायवेचं बरोबर, पण डांबरावरचा हिशोब रानात लावू नका. आमच्या चिखलात नवीन टायर घाला नाहीतर सोन्याचे घाला, दोन चाकं ती दोनच.

सांगोल्याचं_डाळिंब
तेच तर, कुठलं रान ते बोला ना बे. सगळा जिल्हा मंद्रूप नाही. आमच्याकडं माळरान, मुरमाड, हलकी जमीन, पाऊस थांबला की तासाभरात पाणी खाली, म्हणून तर डाळिंब येतंय. माझी थार टू व्हील ड्राइव्ह आहे, दीड लिटर डिझेल, तीन पावसाळे बागेत रोज जातोय, अजून एकदाही ट्रॅक्टर बोलवला नाही. लोक हसतात, थार आणि टू व्हील? हसू द्या. ही गाडी चार मीटरच्या आत आणि इंजिन १५०० सीसीच्या आत, म्हणून सप्टेंबर २०२५ पासून हिला १८ टक्के जीएसटी, आणि २.२ डिझेल फोर बाय फोरला ४०. आता नवीन घेणाऱ्यानं तर हिशोब दोनदा करावा. मला पाहिजे होता ग्राउंड क्लिअरन्स, इंजिनखालचं ऑइलचं चेंबर दगडाला लागू नये एवढंच, आणि तो टू व्हीलमध्ये पण मिळतो. निम्म्या लोकांना खरं तर उंच गाडी पाहिजे असते आणि ते फोर बाय फोर मागतात.

जुळे सोलापूरवाले, मोहोळची सहा एकर कसली आहे ते सांगा आधी.

जुळे_सोलापूरकर
निम्मी हलकी, ओढ्याकडची काळी. आणि रस्ता नेमका ओढ्याकडनं 😐

गॅरेजवाला_७५
झालं मग. बरं एक सांगून ठेवतो, ओढ्याला पाणी असताना फोर बाय फोर असो नाहीतर रणगाडा, घालायची नाही. वाहतं पाणी गाडी ढकलतं, तिथं चाकं जमिनीला टेकलेलीच नसतात तर चार फिरून काय करणार. पुराच्या वेळी माझ्याकडं आलेल्या इंजिनात पाणी गेलेल्या गाड्यांत फोर बाय फोरवाले कमी नव्हते, टू व्हीलवाला बिचारा घाबरून आधीच मागं फिरलेला असतो.

बाळ्याची_सून
हे मेव्हण्याला वाचून दाखवा.

जुळे_सोलापूरकर
दाखवलं. मेव्हणा म्हणतो गॅरेजवाल्यानं पहिला अर्धा भाग माझ्या बाजूनं लिहिलाय, तेवढाच धरायचा.

काल शोरूमला विचारलं, टेस्ट ड्राइव्ह रानात घेऊन जाऊ का, तर पोरगा म्हणाला सर विजापूर रोडवरच फिरवायची परवानगी आहे. म्हणजे जी गोष्ट दोन लाखाला विकताय ती दाखवणार नाही. माझा कल अजून टू व्हीलकडंच आहे, चांगले एटी (ऑल टेरेन, डांबर आणि माती दोन्हीवर चालणारे) टायर घालीन, मागं एक जाड पट्टा आणि फावडं ठेवीन. हायवेला ते टायर आवाज करतात म्हणे थोडा, चालतंय. वडील तर मुळात या चर्चेवरच चिडलेत, म्हणाले जमीन जरा सुकून वाफसा आल्याशिवाय रानात बैलसुद्धा घालत नाहीत, तू गाडी कशाला घालतोस.

मंद्रूपचा_शेतकरी
वडलांना नमस्कार सांगा, बोलले ते खरं हाय. फक्त एक विचारा त्यांना, रात्रीची लाईट आली आणि मोटर चालू करायची पाळी असली तर ओढ्याकडच्या विहिरीवर वाफशाची वाट बघत कोण बसणार, ते का तुम्ही?

जुळे_सोलापूरकर
विचारलं. म्हणाले, चालत.