३० हजारांच्या वरचा बेस म्हणजे कानापेक्षा डोळ्यांचा खर्च. पटत नसेल तर या, भांडू

चार_तारा
सरळ बोलतो, राग आला तर खाली लिहा. सध्या जे नवे बेस गिटार येऊन राहिले ना, वर पॉपलर बर्ल लाकडाची नक्षी, काळं मॅट हार्डवेअर, भाजलेल्या मेपलचा नेक, पाच तारा, आत प्रीअँप (आवाज वाढवणारं, बॅटरीवरचं सर्किट), त्यांच्या किमतीतला मोठा हिस्सा आपण आवाजासाठी नाही तर फोटोसाठी देऊन राहिलो. माझा हिशोब असा की २०-२५ हजारांच्या आसपास यामाहा, आयबनेझ, कोर्ट यांचा जो सुरुवातीचा बेस मिळतो तो नीट सेटअप करून घेतला आणि तारा बऱ्या टाकल्या तर समोर बसलेल्या माणसाला दीड-दोन लाखांच्या बेसपेक्षा त्यात काय कमी आहे ते सांगता येणार नाही. सांगता आलंच तर तो फरक बोटांचा असेल.

लिओ फेंडरनं प्रिसिजन बेस काढला १९५१ ला, १९५७ ला त्यात तो दोन तुकड्यांचा पिकअप (तारेचं कंपन पकडणारं चुंबक) बसवला, १९६० ला जॅझ बेस आला. ३४ इंची स्केल, म्हणजे तारेची वाजती लांबी, तेव्हाचीच, आजही बहुतेक कंपन्या तीच वापरतात. मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या गाण्यांवर जेम्स जेमरसन काय घेऊन वाजवायचा? १९६२ चा प्रिसिजन, त्यावर जुन्या, गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा ज्या तो सहसा बदलायचाही नाही, आणि उजव्या हाताचं एकच बोट. ना बर्ल, ना बॅटरी. आणि ते बर्ल तरी काय, मधल्या किमतीच्या बेसवर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचा पापुद्रा चिकटवलेला असतो, आवाजात त्याचं काय काम आहे ते कोणीतरी मला समजावून सांगा. तर्रीचा रंग पाहूनच पोहे कसे झाले ते ठरवणारे लोक आहेत आपल्या नागपुरात, त्यातलाच हा प्रकार.

पाचवी_तार
अबे भाऊ, तू घरी बसून वाजवते म्हणून असं बोलून राहिला. मी ऑर्केस्ट्रात वाजवतो. एप्रिलमध्ये भीमगीतांचे प्रोग्रॅम, मंग लग्नं, मंग गणपती, देवी, कधी सक्करदऱ्यात तं कधी कामठीकडे, आणि तिथं गायिका स्टेजवर चढल्या चढल्या म्हणते काळी दोन, म्हणजे डी शार्पले सा. आता सांग, तुझ्या चार तारांत काळी दोनचा खालचा सा हाय कुठं? सगळ्यात जाड तार ई, तिच्यावर संपली तुझी दुनिया. माझ्या बेसवर तो पाचव्या, त्याहून जाड बी तारेच्या चौथ्या फ्रेटवर (नेकवरची धातूची पट्टी) ठेवला आहे, हात टाकला की मिळते. काळी एक असली तं दुसऱ्या फ्रेटवर. तू काय करशील, वरच्या सप्तकात वाजवशील, आणि मंग गाणं खाली बसतच नाही, उभंच राहते.

आणि दुसरी गोष्ट जी घरी वाजवणाऱ्याले कधीच समजत नाही. बेस पातळ वाजला की कीबोर्डवाला डाव्या हातानं बेस सुरू करते. एक-दोन प्रोग्रॅम तसे झाले की आयोजक म्हणते, अरे मंग बेसवाल्याचं मानधन काहून द्यायचं? ते पाच तारांचे जास्तीचे पैसे मी फोटोसाठी नाही दिले बाप्पा, पोटासाठी दिले.

चार_तारा
@पाचवी_तार दादा, काळी दोनचा तो खालचा सा म्हणजे ३९ हर्ट्झ. आपल्याकडे लग्नात जो साउंड लागतो त्यात ३९ हर्ट्झ नीट निघतो का, मनावर हात ठेवून सांगा. मोकळी बी तर ३१ हर्ट्झवर आहे. छोट्या स्पीकरमधून खरा तळाचा स्वर जवळपास येतच नाही, त्याच्या वरचे हार्मोनिक येतात आणि तळ कान स्वतःच भरून घेतो, मोबाईलवर गाणं ऐकताना बेस कळतो तो असाच. मग त्या तारेसाठी एवढे पैसे कशाला? आणि पाच तारांचे स्वस्त बेस पण मिळतातच की.

पाचवी_तार
मिळतात ना. घेऊन पाहिला आहे. स्वस्तातल्याची बी तार म्हणजे कपडे वाळवायची दोरी, मारली की नुसती भुरभुर, स्वर कोणता तेच समजत नाही. आणि हार्मोनिकचं तू म्हणतो ते कबूल, पण ई च्या वरच्या सप्तकाचे हार्मोनिक वेगळे आणि बी तारेवरून निघालेले वेगळे, कानाले ते समजते. साउंडवाल्याचे मोठे सब (तळाच्या आवाजाचे स्पीकर) लावले असले तं मंग पोटातच समजते. तुझं गणित बरोबर असन, पण गणित ऐकाले पब्लिक येत नाही.

खामल्याचा_मेटलवाला
बी तारेची भुरभुर हाच तर मुद्दा आहे आणि तिथेच नवीन डिझाइन कामाला येतं. डिंगवॉलचे बेस बघा, फ्रेट पंख्यासारखे तिरपे, जी तार ३४ इंच आणि बी तार ३७ इंच. तार लांब झाली की त्याच स्वराला जास्त ताण लागतो, म्हणून ती ढिली वाजत नाही, सरळ फिजिक्स आहे. दिसायला विचित्र दिसतो हे मान्य, पण दिसण्यासाठी केलेलं नाहीये ते.

आणि चार_तारा भाऊ, तुझा लिओ फेंडर १९५७ ला थांबला नव्हता हां. म्युझिक मॅनचा स्टिंगरे आला १९७६ ला, आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप, त्यात त्याचाच हात होता. साध्या पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीच्या बेसच्या टोन नॉबनं तुम्ही फक्त वरचा आवाज कापू शकता, वाढवू काहीच शकत नाही. अॅक्टिव्ह, म्हणजे बॅटरीवाला असेल तर खालचा, वरचा आवाज वाढवता पण येतो, स्टेजवर उभ्या उभ्या. साउंडवाल्याला हातवारे करत बसायचं नाही. मी तारा खाली उतरवून, ड्रॉप ट्यूनिंगमध्ये वाजवतो, दोन डिस्टॉर्शन गिटारच्या मध्ये, तिथे तुझा जेमरसनवाला गोड आवाज कुठे गेला ते शोधायला पोलीस लावावे लागतील.

चार_तारा
डिंगवॉल काय किमतीला पडतो इथपर्यंत आणायला ते पण लिहायचं ना मग.

खामल्याचा_मेटलवाला
लिहीत नाही. बाबा हे वाचतात कधीकधी.

लो_ई_ताई
वजनाबद्दल कोणी बोलतच नाहीये. चार किलोच्या आसपासचा, कधी त्याहून जड लाकडाचा ठोकळा डाव्या खांद्यावर घेऊन तीन तास उभं राहायचं, आणि वर नेक खाली झुकतो म्हणून डावा हात त्याला धरून ठेवण्यातच दमतो. माझा बेस हेडलेस आहे, नेकच्या टोकाला खुंट्यांचं डोकंच नाही. घेतला तेव्हा ग्रुपमधल्या सगळ्यांनी "मुंडकं कुठं गेलं" हा एकच जोक केला. नेड स्टाइनबर्गरनं ही कल्पना १९८० च्या आसपास बाजारात आणली, तेव्हा त्याला दोन्ही टोकांना बॉल असलेल्या खास तारा लागायच्या, त्या नागपुरात कुठून आणायच्या होत्या? आता आयबनेझच्या ईएचबी सारख्या मॉडेलला साध्या तारा चालतात, म्हणून घेतला. माझ्या खांद्याची किंमत तुमच्या ३० हजारांच्या रेषेत कुठे बसते?

आणि दिखाव्याचं म्हणाल तर मला सगळ्यात जास्त हसू येतं ते जुन्या वळणाच्या लोकांचं. सनबर्स्ट रंग, कासवाच्या पाठीसारखा पिकगार्ड, आणि वर लाखाच्या पुढे पैसे देऊन कारखान्यातूनच मुद्दाम घासून, पोपडे काढून आणलेला बेस. बर्लचा पापुद्रा हा दिखावा आणि विकत घेतलेले ओरखडे म्हणजे परंपरा का? तुम्हालाही दिसणंच हवंय, फक्त तुमचं दिसणं १९६२ चं आहे.

पाचवी_तार
ताई 🙏 एक नंबर

चार_तारा
ताई, माझा बेस साधा काळा आहे, ओरखडे मीच पाडलेत. पण घासलेल्या फिनिशबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, तो तर माझाच मुद्दा झाला, पैसे दिसण्यालाच गेले ना? बाकी वजनाचं ठीक आहे, तो आरामाचा खर्च, आवाजाचा नाही.

सोल्डर_काका
दुरुस्तीचं काम करतो, तुम्हा सगळ्यांचे बेस उघडे करून पाहिलेले आहेत म्हणून बोलतो.

चार_तारा, तुझं लाकडाच्या पापुद्र्याबद्दल बरोबर. पण भाजलेल्या मेपलला तू त्याच ओळीत बसवलं ते चूक. नागपुरात राहून असं कसं म्हणतो? मे महिन्यात बाहेर ४५ डिग्री, हवा कोरडी ठक्क, लाकूड आकसते आणि फ्रेटची टोकं बाहेर येतात. माझ्याकडे जे लोक "काका हात खरचटते" म्हणून येतात ते बहुतेक त्याच दिवसांत. नेकच्या कडेवरून बोट फिरवलं की करवतीवर फिरवल्यासारखं लागते. आणि त्याच घरात रात्री वाळ्याचा कूलर लावून बेस त्याच्या समोर स्टँडवर उभा! दिवसा भट्टी, रात्री ओल. मग जुलैत पाऊस. नेक हलणार नाही तर काय करन. भट्टीत भाजून लाकडातलं पाणी आधीच काढलेलं असलं की हा खेळ बराच कमी होते. फक्त खरं भाजलेलं आहे की नुसता पिवळा-तपकिरी रंग मारला आहे ते पाहून घ्या, दुकानात दोन्ही सारखेच दिसतात.

दुसरं, "नीट सेटअप केला की झालं" हे वाक्य लोक फार सोप्यानं फेकतात. सेटअप म्हणजे काय, तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबायची, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली साधारण ०.३ मिमी फट दिसली पाहिजे, व्हिजिटिंग कार्ड सरकन एवढी. कमीजास्त असली तर नेकमधला लोखंडी ट्रस रॉड पाव आटा फिरवायचा आणि थांबायचं. ते मी करून देतो. पण नेकच पीळ घेतलेला असला, किंवा फ्रेट वरखाली ठोकलेले असले, तर तिथं सेटअप काय करन? महाग बेसमध्ये पैसे जातात ते इथं, फ्रेटच्या कामात, नटच्या खाचेत, ट्यूनर न सरकण्यात. ते फोटोत दिसत नाही म्हणून त्यावर कोणी भांडत नाही.

आणि बॅटरीवाल्यांनो, वाजवून झाल्यावर केबल बेसमधून काढत जा रे. जॅकच स्विच असतो. केबल लावून ठेवली की ९ व्होल्टची बॅटरी रात्रभर जळते, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रॅमच्या आधी मला फोन येते की काका आवाज फाटून राहिला, बेस खराब झाला.

खामल्याचा_मेटलवाला
शेवटचा पॅरा वैयक्तिक घेतला आहे काका

चार_तारा
काका तुमच्यापुढे काय बोलणार, पण एक विचारतो. फ्रेटचं काम चांगलं म्हणजे वाजवायला सोपं, हे कबूल. ऐकणाऱ्याला काय फरक पडतो?

सोल्डर_काका
ऐकणाऱ्याला बझ, तार फ्रेटला लागून होणारी झणझण, ऐकू येते रे बाबा. आणि आवाजच पाहिजे तर लाकूड सोडा, पिकअप कुठं बसवला ते पहा. नेककडे असला की तळ जास्त, ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली अडकतात तिकडे, सरकला की टणक. फेंडरनं सत्तरच्या दशकात जॅझ बेसचा ब्रिजकडचा पिकअप साधारण एक सेंटिमीटर मागे सरकवला, नाव तेच, रूप तेच, आणि आवाज चांगलाच बदलला, अंगठ्यानं तार ठोकणारे स्लॅपवाले अजून तोच मागतात. हे २० हजाराच्या बेसमध्येही तितकंच खरं आहे, इथं तुझ्या बाजूनं बोलून राहिलो, आनंद मान.

लो_ई_ताई
जॅझ बेसच्या पिकअपवरून आठवलं, सिंगल कॉइलच्या, म्हणजे एकाच गुंडाळीच्या पिकअपच्या घूंऽऽवर पण बोला. जिथे लाइटचे डिमर चालू असतात तिथे एक पिकअप कमी केला की अख्ख्या हॉलला घूं ऐकू येते. दोन्ही पूर्ण उघडे ठेवले तर जाते, पण मग एकाच आवाजात अख्खा कार्यक्रम वाजवा. हमबकरवाले, म्हणजे दोन गुंडाळ्यांच्या पिकअपचे नवे बेस तिथे गप्प असतात. हा आवाजाचाच खर्च आहे, चार_तारा, डोळ्यांचा नाही.

चार_तारा
माझ्या प्रिसिजनचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून गप्पच आहे ताई, ते दोन तुकडे एकमेकांची घूं मारतात 😌 त्यासाठी नवीन काही लागत नाही.

लो_ई_ताई
दिला हा एक मार्क.

नवशिका
सगळ्यांना नमस्कार, दोन दिवसांपासून वाचतो आहे. मी नवीनच शिकतोय, क्लास धरमपेठेत आहे. घरून एकूण २८ हजार मिळणार आहेत, त्यातच अँप पण बसवायचा आहे. वरचं सगळं वाचून आता आधीपेक्षा जास्त गोंधळलो. चार तारांचा घेऊ की पाच, अॅक्टिव्ह की पॅसिव्ह?

चार_तारा
चार तारा, पॅसिव्ह. बेस २० पर्यंत, उरलेल्यात छोटा अँप. पण १० वॅटचा घेऊ नको, बेस त्यात खोकल्यासारखा वाजतो.

पाचवी_तार
पाच! उद्या ऑर्केस्ट्रात आला तं माझी आठवण करशील.

खामल्याचा_मेटलवाला
२८ मध्ये पाच तारा आणि अँप दोन्ही बरे येत नाहीत, एवढं मी पण मान्य करतो. सध्या अँप घेऊच नको, हेडफोन अँप घे, सगळे पैसे बेसमध्ये टाक.

सोल्डर_काका
हेडफोनवर शिकलेल्या पोरांना नंतर हात हलका ठेवायचा की जड, काहीच समजत नाही. छोटा पण अँप घे. आणि बेस ऑनलाइन मागवू नको, दुकानात जाऊन प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून पहा, दुकानदार वैतागला तर वैतागू दे. नेकच्या कडेवर बोट फिरव. तारा दुकानातल्या जुन्याच असतील, त्यामुळे आवाज मेल्यासारखा लागेल, त्यावरून ठरवू नको.

नवशिका
आज जाऊन आलो काका. सगळे फ्रेट दाबले, दुकानदार खरंच वैतागले. चार तारांचा एक पॅसिव्ह पसंत पडला, कुठेही बझ नाही, टोकं पण गुळगुळीत. फक्त तो काळ्या रंगात आहे. हाच बेस निळ्यात पण आहे, चमकीवाला, १८०० जास्त सांगून राहिले. घेऊ का निळा?

लो_ई_ताई
निळा घे.

पाचवी_तार
निळाच घे भाऊ, विचारतो काय.

चार_तारा
१८०० मध्ये तारा बदलून होतील बे!!