पोर्टल बंद केल्याने डिरेक्टरी बंद होत नाही

कुणी कुणी सुचवतं की मायक्रोसॉफ्ट एन्ट्रा आयडीत (कंपनीतले युजर, ग्रुप आणि अ‍ॅप्स यांची नोंद ठेवणाऱ्या डिरेक्टरीत) साध्या युजरला अ‍ॅडमिन सेंटर (तिचा कारभार बघायचं वेब पोर्टल) बंद करणारं सेटिंग 'येस' केलं की काम झालं. करून ठेवा, हरकत नाही, पण ते पुढचं दार लावून मागचं सताड उघडं ठेवण्यासारखं आहे. पॉवरशेल (कमांड लिहून काम करायचं साधन) किंवा ग्राफ एपीआय (प्रोग्रामला हाच डेटा देणारा मायक्रोसॉफ्टचा मार्ग) वापरून तोच युजर सहकाऱ्यांची नावं आणि बहुतेक ग्रुपचे मेंबर आरामात वाचतो. याला सुरक्षेचा उपाय समजू नका, हे मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये आहे (वाचतो कोण म्हणा!).

अशा सल्ल्यात गेस्ट युजरचा (बाहेरच्या माणसाला दिलेल्या पाहुण्या खात्याचा) विषयच निघत नाही, आणि खरी भानगड तिथे आहे. मूळ सेटिंगनुसार कुठलाही कर्मचारी बाहेरच्याला आमंत्रण पाठवू शकतो. एवढंच नाही, आलेला गेस्टसुद्धा आणखी गेस्ट आणू शकतो. आमच्याकडे एका व्हेंडरच्या माणसाने असेच त्याचे दोन सहकारी आत आणले होते. 'एक्स्टर्नल कोलॅबोरेशन सेटिंग्ज'मध्ये जाऊन आमंत्रणाचा हक्क ठरावीक अ‍ॅडमिन रोलपुरता ठेवा आणि गेस्टचा अ‍ॅक्सेस सगळ्यात कडक पर्यायावर न्या. मग त्याला स्वतःच्या प्रोफाइलपलीकडे फारसं दिसत नाही. अ‍ॅप रजिस्ट्रेशनही (डिरेक्टरीत नव्या अ‍ॅपची नोंद करणं) मूळ सेटिंगनुसार सगळ्या कर्मचाऱ्यांना खुलं असतं. ते 'नो' करून ज्यांना गरज आहे त्या डेव्हलपरना 'अ‍ॅप्लिकेशन डेव्हलपर' रोल द्या, म्हणजे आरडाओरडा होत नाही. आधीच रजिस्टर झालेली अ‍ॅप्स मात्र तशीच राहतात, त्यांची यादी काढून वेगळी तपासावी लागते.